हात जड का झाले?

प्रश्न : माझं वय ६८. इचलकरंजीत चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. हल्ली सुईत दोरा ओवायला, काज करायला दुप्पट वेळ लागतो. जिना उतरताना कठडा धरते. साखर, बीपी ठीक. मोतीबिंदूही काढून झाला. नातू म्हणतो, वयानं मेंदूतलं प्रोटीन कमी होतं आणि व्यायामानं वाढतं. मग सरळ प्रोटीनची पावडरच घेऊ का?

उत्तर : ताई, नातवाचं बरोबर आहे, पण त्यासाठी डबा आणू नका. खाल्लेलं प्रोटीन पोटात पचून सुटं होतं. ते स्नायूंना हवंच, त्यासाठी डाळ, दूध, अंडी घ्या. नातू म्हणतो ते प्रोटीन बहुधा बीडीएनएफ. ते मेंदू स्वतःच बनवतो. बार्ड आणि थोनेन यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून ते वेगळं काढलं. चेतापेशी जगवायच्या, त्यांचे आपसातले सांधे पक्के करायचे, हे त्याचं काम.

मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. हालचाल सुरू व्हायला लागणारं डोपामिन तिथे बनतं. वयानुसार या पेशी घटतात. काज कसं करायचं हे तुमच्या हाताला अजून पाठ आहे; हुकूम निघायलाच उशीर होतो.

आता व्यायाम. अमेरिकेत १२० वयस्कांवर वर्षभर प्रयोग झाला, २०११ साली तो छापून आला. आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे २ टक्के वाढला. नुसतं अंग ताणणाऱ्यांचा घटला. चालणाऱ्यांपैकी ज्यांचं बीडीएनएफ जास्त वाढलं, त्यांच्यात ही वाढही जास्त दिसली. मात्र हा भाग आठवणींचा आहे, बोटांचा नाही. तेव्हा चालल्यानं काजं आपोआप भराभर होतील, असं मी सांगणार नाही.

माझे वडील तबला वाजवायचे. निवृत्तीनंतर रोज पर्वतीपर्यंत फिरायचे, पण तबला गवसणीतच राहिला. पाय छान, बोटं जड! पंच्याहत्तरीत मी त्यांना फिरून आल्या आल्या पंधरा मिनिटं ‘तिरकिट’ वाजवायला बसवलं. जुना वेग आला नाही, पण तीन महिन्यांत बोल पुन्हा स्वच्छ निघू लागले. चालणं म्हणजे शेतात खत घालणं. पेरणी ज्याची त्यानंच करायची.

म्हणून असं चाला, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. घरी ओटा धरून एका पायावर उभं राहा, हात न टेकता खुर्चीतून दहादा उठा. एकाच हाताला बसल्या जागी कंप असेल, चालताना एक हात हलत नसेल किंवा अक्षर बारीक होत गेलं असेल, तर मात्र आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

तसं काही नसेल तर फिरून आल्यावर चिंधीवर रोज पाच काजं करा, किती मिनिटं लागली ते वहीत मांडा. दिवाळीनंतर पहिला आणि शेवटचा आकडा मला कळवा.