ढाक्याला कुटुंबासह राहायला जातोय, बंगाली कसं जमेल?

नवऱ्याची बदली ढाक्याला झालीय, मुलं लहान आहेत आणि बंगालीचा गंध नाही असं लिहिलंयत म्हणून लगेच उत्तर देतेय. आम्ही ढाक्यातल्या धानमंडी भागात तीन वर्षं काढली, खरंच घाबरू नका.

मराठी माणसाला बंगाली लवकर येते. दुकानदार 'की लागबे?' विचारतो ते आपलं 'काय लागेल?'च झालं, नको असेल तर 'लागबे ना'. मीठ म्हणजे 'लॉबोन', आपलं लवण. आणि क्रियापदाला लिंग नाही, तो जातो ती जाते दोन्हीला 'शे जाय', हे तर फारच सोपं. फसायला होतं ते सारख्या शब्दांत. घरी कामाला यायच्या त्यांना आम्ही खाला (म्हणजे मावशी) म्हणायचो, त्या एकदा कंगवा घेऊन मुलीला म्हणाल्या 'चुल बेंधे दिइ' आणि पोरगी गॅसकडे बघत बसली, चुल म्हणजे केस!

पहिल्या आठवड्यात रिक्षाची भाषा शिका. रिक्षावाल्याला 'मामा' म्हणायचं, 'डाने' म्हणजे उजवीकडे, 'बाँये' डावीकडे, 'एखाने राखेन' म्हणजे इथे थांबवा, बास. मोठ्यांना 'आपनि'च म्हणा, 'तुमि' आपल्या 'तुम्ही'सारखं वाटलं तरी ते जवळच्यांसाठी, घाईने नको. पाण्याला तिथे 'पानी'च म्हणतात, कोलकात्यासारखं 'जॉल' नाही.

सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, रविवारी सकाळी डबा भरताना मला महिनाभर चुकल्यासारखं व्हायचं. मुलांना मात्र क्लास लावू नका, संध्याकाळी बिल्डिंगखाली खेळायला सोडा, माझा मुलगा चार महिन्यांत बंगालीत भांडायला लागला होता.