अंटार्क्टिका मोहिमांची जुनी छायाचित्रे दिवाणखान्यात लावायची आहेत; कोणती निवडावीत आणि सर्व एकाच मापाची करावीत का?

दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीवर अंटार्क्टिका मोहिमांची चार-पाच छायाचित्रे एकाच मापात, एका ओळीत लावण्याचा आपला विचार आहे. मी गेली काही वर्षे अशा छायाचित्रांच्या प्रती करवून घरी लावत आलो आहे, आणि माझे मत असे आहे की ती एका मापाची करू नयेत. कोणते छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याने आणि कोणत्या अवस्थेत घेतले गेले, यावरून त्याचे माप ठरवावे.

मोठ्या मापासाठी पहिली निवड हर्बर्ट पाँटिंग यांच्या छायाचित्रांतून करावी. दक्षिण ध्रुव गाठू पाहणाऱ्या ब्रिटिश मोहीमप्रमुख रॉबर्ट स्कॉटच्या १९१० मध्ये निघालेल्या मोहिमेचे ते छायाचित्रकार होते आणि काचेच्या प्लेटवर, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर, काम करत; त्या प्लेटमध्ये इतका बारकावा उतरलेला असतो की प्रत तीन-चार फूट रुंद केली तरी बर्फाचा पोत विरत नाही. त्यांचे ५ जानेवारी १९११ रोजी हिमनगाच्या गुहेतून घेतलेले छायाचित्र आपण पाहिले असेलच. गुहेच्या तोंडाशी ग्रिफिथ टेलर आणि चार्ल्स राइट हे मोहिमेतील दोन शास्त्रज्ञ उभे आहेत आणि दूर पाण्यात ‘टेरा नोव्हा’ हे जहाज दिसते. छोट्या प्रतीत ती माणसे ठिपक्यांसारखी वाटतात; मोठ्या प्रतीत मात्र गुहेच्या भिंतींवरील बर्फाचे थर वेगवेगळे मोजता येतात, आणि या छायाचित्राचे सारे वैभव तेथेच आहे. त्या गुहेच्या तोंडातून दिसणारे आकाश फिकट जांभळे होते, अशी नोंद स्कॉटने आपल्या रोजनिशीत केली आहे. स्वतः पाँटिंग यांनीही आपल्या काही प्रती निळसर, हिरवट छटेत छापल्या होत्या; त्यामुळे अतिशय हलकी निळी छटा मूळ परंपरेला सोडून होणार नाही. जुनेपणा दाखवण्यासाठी बाजारात जो तपकिरी रंग दिला जातो, तो मात्र बर्फाला मळकट करतो, तो टाळावा.

दुसरे मोठे छायाचित्र फ्रँक हर्ली यांचे घ्यावे. ते अर्नेस्ट शॅकल्टन या मोहीमप्रमुखाचे छायाचित्रकार होते. शॅकल्टनचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकले असताना, २७ ऑगस्ट १९१५ च्या ध्रुवीय रात्री हर्ली यांनी सुमारे वीस ठिकाणी प्रकाशाचे स्फोट करून ते टिपले. दोरखंडांवर गोठलेले हिम त्यात पांढऱ्या भुतासारखे दिसते. पुढे जहाज चिरडले गेल्यावर हर्ली बर्फाळ पाण्यात उतरले आणि त्यांनी निगेटिव्हचे डबे बाहेर काढले. सामानाचे वजन कमी करणे भाग होते, म्हणून शॅकल्टनसोबत बसून त्यांनी सुमारे १२० प्लेट ठेवल्या आणि उरलेल्या जवळजवळ ४०० फोडून टाकल्या, जेणेकरून मन बदलण्याची सोयच राहू नये. आपल्या भिंतीवर येणारी प्रत त्या निवडीतून वाचलेली आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

एक सावधगिरी येथेच सांगतो. हर्ली निगेटिव्ह जोडून किंवा त्यांत फेरफार करून चित्रे तयार करत. जहाज गमावल्यावर शॅकल्टनची माणसे एलिफंट बेटावर पोहोचली. तेथून ‘जेम्स केअर्ड’ ही नाव २४ एप्रिल १९१६ रोजी मदत आणण्यासाठी निघाली, त्या निरोपाचे छायाचित्र बदलून, बेटावर मागे राहिलेल्यांच्या ३० ऑगस्टच्या सुटकेचे म्हणून प्रसिद्ध केले गेले. ते लावण्यास माझी हरकत नाही, परंतु त्याखाली ‘सुटका’ असे लिहू नये. पाँटिंग यांच्या काचेच्या निगेटिव्ह केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटकडे आहेत. हर्ली यांचे काम लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी आणि सिडनीची स्टेट लायब्ररी ऑफ न्यू साउथ वेल्स येथे विभागलेले आहे. तारीख आणि नाव तेथील नोंदींशी ताडून मगच छपाईला द्यावे.

छपाई कॅनव्हासवर करू नये, कारण कापडाची वीण बर्फाचा पोत झाकून टाकते. मॅट सुती कागद आणि पिगमेंट शाई उत्तम. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता, प्रत आणि काच यांमध्ये आम्लरहित माउंटचे (छायाचित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचे) अंतर ठेवण्यास फ्रेमवाल्याला आवर्जून सांगावे. माझी पहिली प्रत थेट काचेला टेकवून बाहेरच्या भिंतीवर लावली होती. दोन पावसाळ्यांत तिच्या पांढऱ्या भागावर बुरशीचे ठिपके आले आणि काच काढताना कागदाचा पापुद्राही निघाला. आता मी फ्रेमच्या मागे कोपऱ्यांत लहान बुचे लावून हवा खेळती ठेवतो.

उरली दक्षिण ध्रुवावरची छायाचित्रे. ती पोस्टकार्डाहून फार मोठी करू नयेत. स्कॉटच्या आधी ध्रुवावर पोहोचलेल्या नॉर्वेच्या तुकडीचा प्रमुख अमुंडसेन याचा कॅमेरा बिघडल्यामुळे त्या तुकडीचे डिसेंबर १९११ मधील छायाचित्र तिच्यातील ब्यालंडने आपल्या साध्या कॅमेऱ्याने घेतले. चौघे टोप्या काढून तंबूवरील ध्वजाकडे पाहत आहेत. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, १८ जानेवारी १९१२ रोजी, त्याच तंबूपाशी स्कॉट, ओट्स, विल्सन आणि एडगर इव्हान्स उभे असलेले छायाचित्र त्यांचा पाचवा साथीदार बॉवर्सने घेतले. परतीच्या वाटेवर पाचही जण मरण पावले. ती फिल्म नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांच्या अखेरच्या तंबूत सापडली आणि नंतर धुतली गेली. ही दोन छायाचित्रे मी एकाच चौकटीत, डावीकडे ब्यालंडचे आणि उजवीकडे बॉवर्सचे, अशी शेजारी-शेजारी बसवली आहेत. ती मोठ्या भिंतीवर न लावता वाचायच्या खुर्चीजवळ, बसल्या जागेवरून डोळ्यांच्या पातळीत येतील अशी लावली आहेत, कारण जवळ गेल्याशिवाय दोन्हींत तंबू एकच आहे हे कळत नाही.