बडोद्यातल्या १२ वस्त्या, ३६० मराठी घरं : साधं रिग्रेशन की मल्टिलेव्हल?

तुम्ही १२ वस्त्यांतून प्रत्येकी ३० मराठी घरं घेतलीत आणि मुलांशी घरात किती मराठी बोलतात त्याला गुण दिलेत. आता गाईड म्हणतात मल्टिलेव्हल (घर आणि वस्ती या दोन पातळ्या वेगळ्या धरणारं मॉडेल) लावा, सिनियर म्हणतो साधं रिग्रेशन (प्रत्येक घर स्वतंत्र धरणारं) पुरे. माझ्या मते दोघांनीही मुद्द्याचं विचारलं नाही: तुमचा मुख्य चल, म्हणजे ज्याचा परिणाम तपासायचा तो घटक, घराघराला बदलतो की वस्तीवस्तीला?

साधं रिग्रेशन मात्र नकोच. दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात वरच्या आणि खालच्या मजल्यावरची पोरं एकाच रिक्षाने शाळेत जातात, गुजरातीत भांडतात तीही एकत्रच. ती दोन घरं म्हणजे दोन स्वतंत्र उत्तरं नव्हेत. वस्तीअंतर्गत सहसंबंध (एकाच वस्तीतली घरं किती सारखी, त्याचं माप) ०.१ धरा. डिझाइन इफेक्ट, म्हणजे या सारखेपणामुळे नमुन्याचं मोल किती पट घटतं ते: १ + (३० − १) × ०.१ = ३.९. म्हणजे सरासरी काढताना तुमची ३६० घरं जेमतेम ९२ घरांइतकीच माहिती देतात. घराघरात बदलणाऱ्या चलाला एवढा फटका बसत नाही, हेही खरं.

आजी-आजोबा सोबत राहतात का, एवढंच तपासायचं असेल तर प्रत्येक वस्तीचा डमी (घर त्या वस्तीतलं असेल तर १, नाहीतर ०) टाका आणि मोकळे व्हा. तुलना एकाच वस्तीतल्या घरांची होते. मल्टिलेव्हल नाही म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

'वस्तीतलं मराठी घरांचं प्रमाण' हा चल असेल तर तो वस्तीतल्या सगळ्या घरांना सारखाच असतो, म्हणून डमी त्याला गिळून टाकतात. तिथे मल्टिलेव्हलमधला रँडम इंटरसेप्ट (प्रत्येक वस्तीची मूळ पातळी वेगळी, पण यादृच्छिक धरणं) हवा. पण तिथे तुमचा नमुना ३६० नाही, १२ आहे! वस्तीच्या पातळीवर एखाद-दुसराच चल ठेवा, आरईएमएल (मॉडेलचे आकडे काढायची, कमी गटांत बरी चालणारी पद्धत) वापरा, केनवर्ड-रॉजर दुरुस्ती (कमी गटांसाठी चाचणी कडक करणारी) लावा. नुसत्या क्लस्टर्ड स्टँडर्ड एररवर (गटांतला सारखेपणा धरून काढलेल्या अनिश्चिततेच्या मापांवर) विसंबू नका. इतक्या कमी गटांत त्या खऱ्याहून लहान येतात.

दोन्ही हवं असेल तर अर्थशास्त्रज्ञ मुंडलाक यांची १९७८ची युक्ती: आजी-आजोबांच्या चलाची वस्तीनिहाय सरासरीही मॉडेलमध्ये घाला. दोन पातळ्यांचे परिणाम उलट्या दिशांनाही जाऊ शकतात. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकी जनगणनेतून दाखवलं, की परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता जास्त, तरी ते जास्त असलेल्या राज्यांत ती कमी. कारण ते मुळातच साक्षर राज्यांत स्थायिक झाले होते.

सर्व्हे अजून चालू असेल तर घरं वाढवू नका, वस्त्या वाढवा. २४ वस्त्या, प्रत्येकी १५ घरं केलीत तर त्याच ३६० फॉर्ममधून ९२ऐवजी १५० घरांची माहिती मिळते.