अ‍ॅट्रोपिन: प्रतिविष की उतारा?

यवतमाळकडच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: फवारणीच्या विषबाधेवर गावासाठी माहितीपत्रक लिहितोय, त्यात अ‍ॅट्रोपिनच्या इंजेक्शनला ‘प्रतिविष’ म्हणू की ‘उतारा’? उतारा फार गावठी वाटतो का?

उताराच लिहा. तो गावठी नाही, नेमका आहे. सर्पदंशावरचं इंजेक्शन विषालाच जाऊन बिलगतं आणि ते निकामी करतं, तिथे प्रतिविष शोभतं. अ‍ॅट्रोपिन मात्र विषाला हातही लावत नाही.

प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही कपाशीवरची ‘औषधं’ शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतात. मज्जातंतूच्या टोकाशी निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलिन काम झाल्यावर मोडून टाकणं, हे त्या विकराचं काम. ते थांबलं की निरोपे साचतात. लाळ गळते, घाम फुटतो, छाती भरते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते.

हा निरोप्या ज्या जागी बसतो ती जागा म्हणजे रिसेप्टर, पुस्तकी मराठीत ग्राही. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, अ‍ॅट्रोपिन तेच करतं. रुमाल स्वतः प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही. गर्दी दाटली की मात्र लोक रुमाल उचलून बाजूला टाकतात. म्हणून तर डॉक्टर छाती कोरडी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन पुन्हा पुन्हा देतात. माझ्या मामांच्या खाटेखाली रिकाम्या काचेच्या कुप्यांचा ढीग झाला होता. पहाटे मामी त्यांच्या ओठांवरून बोट फिरवून म्हणाली, “तोंड कोरडं पडलं. इख उतरून राह्यलं आता.” विष अंगात होतंच, उतरत होता तो त्याचा जोर. ताप उतरतो, नशा उतरते, त्यातलंच हे उतरणं. आणि जो उतरवतो तो उतारा.

स्नायूंवरचे ग्राही वेगळे. खर्र्यातल्या तंबाखूत असतं त्या निकोटिनवरून त्यांना नाव पडलंय. तिथे अ‍ॅट्रोपिनचा रुमाल चालत नाही, म्हणून अंग फडफडणं आणि श्वासाचे स्नायू ढिले पडणं त्याने थांबत नाही. बंद पडलेलं विकर पुन्हा चालू करायला प्रालिडॉक्सिम देतात. तेही वेळेत द्यावं लागतं, उशीर झाला की विष विकराला कायमचं जखडतं. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीने वीसहून जास्त माणसं गेली. अशा पत्रकात शब्द चुकून चालणार नाही.

पत्रकात ‘ग्राही’ नको. वैद्यांकडे ग्राही म्हणजे पातळ जुलाब बांधणारं औषध, उगाच घोळ होईल. नुसतं ‘उतारा’ही नको, गावात आधी सातबारा आठवतो. ‘विषाचा उतारा’ असं पूर्ण लिहा आणि त्याच ओळीत, ठळक अक्षरात: हा उतारा दवाखान्यातच मिळतो, ताक, लिंबूपाणी, दूध यांतलं काहीही उतारा नव्हे.