लेकरं शिकायला बाहेर गेली, आता दिवसभर करायचं काय?

"मॅडम, लेकरं बाहेर शिकायला गेली, घरात आता काम असं काही उरलं नाही, दिवस जाता जात नाही. सगळे म्हणतात काहीतरी छंद लावून घे, पण मला काही करूच वाटत नाही. माझ्यातच काही बिघडलंय का?" परभणी, हिंगोली, नांदेड या भागातून माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या बायका हा प्रश्न सारखा विचारतात, शब्द थोडे इकडंतिकडं पण प्रश्न हाच. त्याचं उत्तर एका ताईंच्या केसवरून सांगते. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, नाव देत नाही, नुसतं ताई म्हणते.

ताई परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या, वय 44, शिक्षण बारावी आर्ट्स, मालक, म्हणजे त्यांचा नवरा, कापसाच्या जिनिंगमधे हिशोबाला. मोठा मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला, धाकटी मुलगी. मुलगीला दहावीत चांगले मार्क पडले आणि मग आपल्याकडं जे होतं तेच झालं, नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला लातूरला टाकायचं ठरलं. ट्यूशन एरियात एक खोली घेतली, ताई मुलीसोबत तिथं राहायला गेल्या आणि मालकांनी इकडं डबा लावला. लेकरासाठी अशी खोली करून राहणाऱ्या आया लातूरला गल्लोगल्ली आहेत, ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना वेगळं सांगायला नको.

तिथला दिवस ताईंनी मला सांगितला तेव्हा त्या एकदम भरभर बोलायला लागल्या. पहाटे 4 ला उठायचं, चहा करून मग मुलीला उठवायचं, चुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर धपाटे, डबा, नळाला पाणी आलं की हातातलं सोडून आधी पाणी भरायचं, मुलगी क्लासवरून आली की गरम भाकर, आणि रात्री जेवण झालं की मुलगी जीवशास्त्राचं एनसीईआरटीचं पुस्तक यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, मम्मी विचार. ताई अडखळत का होईना इंग्रजी वाचून प्रश्न विचारायच्या. "मला मायटोकॉन्ड्रिया सुद्धा पाठ झालं होतं मॅडम," असं म्हणल्या आणि लगेच डोळ्यात पाणी.

नीटची परीक्षा झाली, एमबीबीएस थोडक्यात हुकलं, आयुर्वेदाच्या बीएएमएसला नंबर लागला, तो पण पार पश्चिम महाराष्ट्रात. मुलगी हॉस्टेलला गेली, खोली खाली केली, ताई गावी परत आल्या. माझ्याकडं आल्या तेव्हा या गोष्टीला चारेक महिने झालेले, मालकच घेऊन आले होते. डोकं दुखतंय, झोप पहाटे 4 लाच उघडते, जेवण जात नाही, मुलीला दिवसातून दहा-दहा फोन, "काय करायलीस? जेवलीस का? कुणासोबत हायेस?" आणि तिनं नाही उचलला तर रडारड. मालकांना खरंच कळत नव्हतं. ते म्हणले, "मॅडम, आता तर हिला आरामच आराम हाय, टीव्ही बघ म्हणलं, मोबाईल घेऊन दिला, तरी रडती." त्यावर ताई एवढंच म्हणल्या, "तिथं मला मरायला टाईम नव्हता, अन् इथं घड्याळाकडं बघत बसती."

आता बघा, अशा वेळी घरचे आणि शेजारचे सल्ले द्यायला लागतात आणि सल्ले वाईट नसतात. यांना पण मिळालेच. यूट्यूबवर बघून पिशव्या शिव, योगा कर, भजनी मंडळात जा. मंडळात त्या गेल्याही, तर तिथं पहिलाच प्रश्न, पोरीला किती मार्क पडले, मग एमबीबीएस का नाही लागलं, लातूरला दोन वर्ष राहून पण? परत गेल्या नाहीत. पिशव्यांचं कापड आणलं ते कपाटात पडून आणि कपाट उघडलं की ते कापड दिसायचं आणि अजून वाईट वाटायचं की बघ, हे पण आपल्याकडून झालं नाही. दुसऱ्यानं सुचवलेला छंद गळ्यात पडला की असं होतं, रिकामपण तसंच राहतं आणि वर अपराधीपणा येतो.

आधी मी त्यांना रक्त तपासून यायला सांगितलं, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी12. या वयात पाळी मागंपुढं व्हायला लागते, तेव्हाही झोप आणि मूड बिघडतो, ते डॉक्टरांशी बोलून घ्यायला लावलं. नैराश्याचे जे नेहमीचे प्रश्न असतात ते सविस्तर विचारले, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे स्पष्ट शब्दात विचारलं, ते नव्हते. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. हे सगळं आधी करायचं असतं, कारण अंगात रक्त नसलेल्या बाईला छंद जोपास म्हणणं बरोबर नाही. आणि कुणाला दोन आठवड्याच्या वर रोजच उदास वाटतंय, झोप-जेवण उडालंय, जगून काय करायचं असं मनात येतंय, तर वाट न बघता जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथं जावं, किंवा 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करावा, केंद्र सरकारनं 2022 मधे सुरू केलेली फुकट सेवा आहे, रात्री-अपरात्री पण लागते आणि मराठीत बोलता येतं.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी त्यांना पटायला वेळ लागला. तुमच्यात काही बिघडलेलं नाही. सरकारचा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, 2024 चा, त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ त्यात जातो आणि पुरुषांचा 88 मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि हा सगळ्या देशाचा सरासरी हिशोब, ताईंचा लातूरचा दिवस तर त्याच्या कितीतरी वर. आता हे सगळं ज्या लेकरासाठी चाललं होतं ते लेकरू एका दिवसात हॉस्टेलला गेलं. वीस-बावीस वर्ष जिचा एक तास पण स्वतःच्या मर्जीचा नव्हता तिला एकदम अख्खी दुपार दिली तर ती त्या दुपारचं काय करणार, तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय आवडतं.

ताईंचं म्हणणं होतं की मन लागलं की करीन काहीतरी. सगळ्यांचं हेच असतं. पण मन असं वाट बघून लागत नाही, आधी हात-पाय हलवावे लागतात, थोडं काहीतरी हातून व्हावं लागतं, मग मन मागून येतं. नैराश्यात तर हे जास्तच खरं आहे. गोव्यात संगाथ संस्थेनं आरोग्य केंद्रांमधे याच पद्धतीवर काम केलं, डॉक्टर नसलेल्या पण नीट ट्रेनिंग दिलेल्या लोकांनी सहा-आठ भेटींमधे पेशंटला परत छोट्या छोट्या कामांकडं वळवलं आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त लोकांना फरक पडला, लॅन्सेट या मेडिकल नियतकालिकात 2017 ला तो अभ्यास छापून आलाय. मी ताईंना हे साध्या भाषेत सांगितलं आणि म्हणलं, नवीन काही सुरू करायचं नाही, आठ दिवस फक्त लिहायचं. मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं होती त्यावर रकाने आखले, किती वाजता काय केलं, ते करताना किती बरं वाटलं दहापैकी, आणि आपल्या हातून काहीतरी झालं असं किती वाटलं, ते पण दहापैकी.

वही घेऊन आल्या तेव्हा बहुतेक रकान्यात एक, दोन, शून्य. दुपारी 1 ते 4 मोबाईल, बरं वाटलं 3, हातून झालं 0. टीव्ही, 2 आणि 0. फोन उचलला नाही, तिथं आकडाच नाही, नुसती रेघ. आणि एका संध्याकाळी, 8 आणि 9. मी विचारलं हे काय आहे. तर त्या सहज म्हणल्या, "काही नाही ओ, शेजारची पोरगी आली होती, दहावीला हाय, तिची दुसऱ्या दिवशी विज्ञानाची चाचणी होती, पुस्तक घेऊन फिरायली होती आमच्या ओट्यावर, म्हणलं आण इकडं, मी विचारती." तासभर विचारत बसल्या होत्या. त्या मुलीची आई कापूस वेचायला जाते, दसऱ्यापासून पुढं अंधार पडल्यावरच घरी, तोपर्यंत भाकरी पोरगीच करते, मग अभ्यास, आणि पाठ झालं का हे विचारणारं घरात कुणीच नाही.

मला त्या वहीत जे हवं होतं ते मिळालं होतं. मी ताईंना विचारलं, त्या मुलीचं पाठ झालंय की नाही हे तुम्हाला कसं कळतं, तुम्ही तर विज्ञान शिकलेल्या नाहीत? तर म्हणल्या, "पोरगं उत्तर देताना आढ्याकडं बघायला लागलं की समजायचं आतून येत नाही, जुळवून सांगायलंय. अन् भरभर एका सुरात म्हणलं तर नुसतं घोकलंय, मधलाच शब्द विचारला की अडकतं." हे त्यांना दोन वर्षांत रोज रात्री मुलीसमोर पुस्तक धरून बसून आलेलं, आणि हे आपल्याला येतं हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या मते दोन वर्षांत त्यांनी फक्त स्वयंपाक केला.

म्हणून मग ठरलं एवढंच की आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी 6 वाजता, ओट्यावर, त्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला प्रश्न विचारायचे. शिकवायचं नाही, शिकवायला शाळा आहे. चुकलं तर परत वाचून ये म्हणायचं. मालकांना कळल्यावर ते म्हणले मग क्लासच काढ ना, चार पैसे येतील. पैसे मिळवणं वाईट नाही आणि ज्या बाईला गरज आहे तिनं जरूर मिळवावेत, पण इथं मी मालकांना थांबवलं, कारण फी आली की मार्क आले आणि मार्क आले की ताईंचं दुखणं परत तिथंच, कुणाला किती पडले.

एक गोष्ट मला इतक्या केसेस बघून अगदी पक्की वाटते. रिकामा वेळ भरायला बायका पहिल्यांदा एकट्यानं करायची कामं शोधतात, विणकाम, मोबाईलवरचे कोर्स, आणि ती चांगलीच असतात, पण ज्या बाईचं आयुष्य कुणासाठी तरी करण्यात गेलंय तिला सुरुवातीला कुणीतरी वाट बघणारं लागतं. 6 वाजता दोन पोरी ओट्यावर येऊन बसणार आहेत म्हणल्यावर ताईंना 5 ला तोंड धुवावं लागतं, साडी नीट करावी लागते, उद्याचा धडा आधी एकदा वाचून ठेवावा लागतो म्हणून दुपारचा मोबाईल आपोआप कमी होतो, कुणी ओरडून सांगावं लागत नाही. एकट्याचे छंद नंतर येतात, मन जरा उभं राहिलं की.

आणि दुपारी झोपायचं असेल तर झोपा, मी ताईंनाही हेच म्हणलं. वेळ सत्कारणी लावायचा म्हणजे प्रत्येक मिनिटाला काहीतरी करत राहायचं असं अजिबात नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात 42-43 डिग्रीत दुपारी कूलरसमोर आडवं व्हायलाच पाहिजे, त्याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही. मोबाईल बघून उठल्यावर बरं वाटतंय की डोकं जड झालंय एवढं फक्त बघायचं.

सगळं सरळ झालं नाही. दिवाळीत मुलगी आली, घर भरलं, चकल्या झाल्या, आणि भाऊबीज करून ती गेली त्या आठवड्यात ताई परत पहिल्यासारख्या, पोरींना सांगून टाकलं येऊ नका. मालकांचा मला घाबरून फोन. मी म्हणलं आठवडाभर रडू द्या, लेकरू गेल्यावर आईला रडू येणारच, त्याला आजार समजू नका, फक्त जेवण आणि गोळ्या चुकू देऊ नका. त्या आठवड्यात त्या पोरींनीच दार वाजवलं, परीक्षा जवळ आली होती. मुलीच्या फोनचं आम्ही वेगळं ठरवलं, रात्री 9 ला एक फोन, बाकी दिवसभर मेसेज. पहिले काही दिवस ताईंना फार जड गेलं. नंतर मुलगीच स्वतःहून दुपारी फोन करायला लागली, संस्कृतचे श्लोक पाठ करावे लागतात बीएएमएसला, तर मम्मी तू धरून बस, मी म्हणते.

दोन्ही पोरी दहावी पास झाल्या. एकीच्या आईनं ताईंना विचारलं की लातूरला टाकावं का. ताईंनी तिला खोलीचं भाडं, मेसचा खर्च, पाणी किती दिवसाला येतं ते आधी विचारून घ्यायचं, सगळं सांगितलं, आणि हे पण सांगितलं की परवडत नसेल तर गावातल्या कॉलेजला टाक, मी विचारायला आहे. मार्कांवरून बोलताना त्यांचा आवाज आता कापत नाही.

आत्ता त्या मुक्त विद्यापीठाचा बीएचा फॉर्म घेऊन आल्यात. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथंच राहिलं, ते मनात असणार. मी अजून हो-नाही काही म्हणलेलं नाही. त्यांना एवढंच विचारलंय की हे तुम्हाला स्वतःला करायचंय की लातूरचं राहिलेलं कुणाला तरी करून दाखवायचंय, आणि ओट्यावर यंदा चार पोरी येतात, त्यांचं काय करायचं. त्या म्हणल्या पुढच्या वेळी सांगते, वहीत लिहून आणते.