पंधरा वर्षांच्या मुलाला समज यावी म्हणून घरात नेमकं काय करायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, मार्क बरे पडतात, पण मित्र म्हणतील तिकडे जातो. परवा घरात न सांगता ॲक्टिव्हा काढून तिघं पन्हाळ्याला जाऊन आले. रोज समजावता, तो मान डोलावतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. सुट्टीत संस्कार शिबिरात घालू का, असंही विचारलंय. शिबिराचं शेवटी बोलू.

या वयाच्या पोराला धोका कळत नाही, हा आपला गैरसमज आहे. एकट्याला बसवून विचारा, घाटात ट्रिपल सीट जाण्यात काय काय होऊ शकतं ते तो तुमच्यापेक्षा नीट सांगेल. घसरतो तो दोस्त शेजारी असताना. 2005 साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघा संशोधकांनी संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ देऊन हे तपासलं. 13 ते 16 वयाची मुलं मित्र बघत असले की एकटं खेळताना घेत त्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करत. मोठ्या माणसांत मात्र तसा फरक जवळजवळ पडला नाही. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. म्हणून जेवणाच्या ताटावर दिलेलं व्याख्यान कट्ट्यावर उपयोगी पडत नाही. तिथे कामाला येतो तो आधी ठरवलेला निर्णय आणि लहान लहान निर्णय घेऊन झालेली सवय.

आधी दोन याद्या करा. चूक झाली तरी भरून निघते ते सगळं त्याच्याकडे: केस, कपडे, क्लासची वेळ, स्वतःचे पैसे, रविवार कसा घालवायचा. जे भरून निघत नाही ते तुमच्याकडे, आणि त्यावर चर्चा नाही: गाडी, पावसाळ्यातलं पाणी, मावा-गुटखा-दारू, दुसऱ्याचे फोटो पुढे पाठवणं. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं. केसांवरून रोज भांडण आणि गाडीची चावी खुंटीला!

गाडीबद्दल स्पष्ट आकडे सांगा, धाक म्हणून नव्हे, माहिती म्हणून. 16 व्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळणारं लायसन्स 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं. तुमची ॲक्टिव्हा 100 सीसीच्या वर आहे, म्हणजे 18 शिवाय नाहीच. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या 199अ कलमानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. पाण्याचंही तसंच. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, पण पोरं त्याच्या कितीतरी खाली असतानाच उड्या मारायला जातात. नदी फुगलेली असताना घाटावर जायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा. 'जपून जा' हा नियम नव्हे.

आता पैसे. शहाणपण शिकवायला घरात यासारखं दुसरं साधन नाही, म्हणून यावर जरा सविस्तर. महिन्याला त्याच्यावर वरखर्चाचं जे जातं (केएमटी बसचं तिकीट किंवा सायकलची दुरुस्ती, झेरॉक्स, रिचार्ज, वडापाव, मित्रांचे वाढदिवस) ते एकदा कागदावर मांडा. समजा 1,200 रुपये झाले. पहिले चार आठवडे दर सोमवारी 300 द्या, पुढचे दोन महिने पंधरवड्याला 600, आणि मग एक तारखेला एकदम 1,200. पहिल्याच महिन्यात सगळे हातात दिलेत तर बारा तारखेला खिसा रिकामा होणार. कोणता खर्च त्याचा आणि कोणता घरचा, हे लिहून ठेवा. शाळेची फी, वह्या, औषधं घरची. फुटबॉलच्या बुटांसाठी वेगळे देऊ नका, त्यासाठी त्याने साठवावं.

हे बिघडतं एकाच ठिकाणी. पैसे संपतात, तोंड उतरतं आणि आजी हळूच शंभराची नोट सरकवते. तेवढ्याने सगळं धुऊन जातं. म्हणून आजीला आधी विश्वासात घ्या. आणि संपले म्हणून टोमणेही नकोत. पुढच्या सोमवारपर्यंत त्याला निभावू द्या. डबा घरचा आहेच, उपाशी राहत नाही.

तुमचं गाव शहराबाहेर असेल आणि गोठा असेल तर याहून चांगलं काम आहे. दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल त्याच्याकडे द्या. रोजच्या पावतीवरचं लिटर आणि फॅट, पशुखाद्याची कपात, हातात आलेली रक्कम, सगळं जुळवून त्याने सांगायचं. फॅट दोन दिवस उतरली तर का, हे त्यानेच शोधायचं: पाणी, चारा, की धार काढायची वेळ. शहरात असाल तर मंडळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं आणि जमाखर्च. खरं काम हवं, चुकलं तर कुणाला तरी फरक पडेल असं.

तिसरी गोष्ट निर्णयाची वही. साधी शंभर पानी, आठवड्याला जास्तीत जास्त दोन नोंदी, प्रत्येकी दहा मिनिटं. काय ठरवायचंय; निदान तीन पर्याय (दोनच असले की 'हो-नाही'ची खुन्नस होते); माझ्याशिवाय आणखी कुणाला फरक पडतो; काय होईल असं वाटतं आणि त्याची दहापैकी किती खात्री; पुन्हा कधी बघायचं ती तारीख. तारीख आली की त्याने स्वतः शेजारी लिहायचं की काय झालं. खात्री आठ होती आणि झालं उलटंच, असं चार-पाच वेळा स्वतःच्या अक्षरात दिसलं की 'मला सगळं कळतं' हे आपोआप थोडं नरम पडतं. निकाल आणि निर्णय वेगळे धरायला मात्र शिकवा. तिघं पन्हाळ्याहून सुखरूप आले म्हणून जाणं बरोबर ठरत नाही, आणि नीट अभ्यास करूनही पेपर अवघड गेला तर अभ्यास चुकला असं नाही. वही त्याने दाखवल्याशिवाय वाचू नका. चोरून वाचलीत तर तिसऱ्या आठवड्यापासून तुम्हाला आवडेल तेच लिहिलं जाईल.

बोलायचं कसं? समोरासमोर बसवून नको. रंकाळ्याला फेरी मारताना किंवा भाजी निवडताना, नजर दुसरीकडे असली की पोरं बोलतात. त्याचाच पेच त्याला दुसऱ्याचा म्हणून विचारा: 'तुझ्या वर्गातल्या एखाद्याला मित्रांनी असं म्हटलं तर त्याने काय करावं?' माणूस दुसऱ्याच्या अडचणीत जास्त शहाणा असतो आणि स्वतःकडे तिऱ्हाइतासारखं पाहिलं की ते अंतर कमी होतं, हे क्रॉस आणि ग्रॉसमन यांच्या 2014 सालच्या प्रयोगांत दिसलं आहे. पंधरा मिनिटं बोला आणि तिथेच थांबा. उत्तर उद्या. बर्लिनमध्ये स्टाउडिंगर आणि बाल्टेस यांनी 1996 साली दाखवलं की जवळच्या माणसाशी चर्चा करून मग एकट्याने विचार करायला वेळ मिळाला की उत्तरं अधिक परिपक्व येतात. आपण नेमका तोच वेळ देत नाही. चर्चा संपायच्या आत 'मग काय ठरलं?' विचारतो. रात्री उशिरा तर हा विषय काढूच नका. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते आणि बहुतेकांची ती होत नाही.

मित्रांसमोर अडकल्यावरची वाक्यं घरी तोंडात बसवून घ्या. नकार द्यायचा आणि इज्जतही राखायची, तर कारण बाहेरचं लागतं: 'घरनं फोन आलाय, निघतो', 'उद्या ग्राउंड आहे, वस्ताद घेणार नाहीत.' सोबत एक खूण ठरवा. त्याने फक्त 'क' असा मेसेज टाकला की तुम्ही फोन करून 'लगेच ये' म्हणून ओरडायचं. वाईट तुम्ही व्हायचं. आणि त्या रात्री एकही प्रश्न नाही. प्रश्न विचारलात की पुढच्या वेळी 'क' येणार नाही.

शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्षा असलेली फुटबॉल मॅच असेल तर घरातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवायच्या: कुणासोबत, दगड पडायला लागले तर कुठून बाहेर, आणि जिंकलो-हरलो तरी त्या रात्री स्टेटस नाही. स्टेटसचं हलक्यात घेऊ नका. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरूनच कोल्हापुरात बंद, दगडफेक, लाठीमार आणि शेवटी इंटरनेट बंद इथवर गेलं. कुणाला डिवचणारं काहीही रात्र गेल्यावरच टाकायचं, हा नियम तो पाळू शकतो, कारण त्यात 'टाकू नको' असं म्हटलेलं नाही.

घराबाहेरचा एक मोठा माणूस हवाच. आईबापाचं याच वयात कमी ऐकलं जातं. आपल्याकडे तालीम आहे, ही मोठी सोय. पण माती लावली की पोरगा सुधारला असं होत नाही, वस्ताद बघावा लागतो. दोन संध्याकाळी नुसतं जाऊन बसा. हरलेल्या पोराशी ते काय बोलतात? परीक्षेच्या दिवसांत मेहनत कमी करायला सांगतात का? मिरवणुकीत गोंधळ झाला तर आपल्या पोरांना मागे खेचतात की पुढे घालतात? बंद खोलीत एकट्या मुलाला थांबवून घेणारा माणूस कितीही नावाजलेला असला तरी नको. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे, हे मुलालाही माहीत असू द्या.

आठ-दहा आठवड्यांत फरक दिसायला हवा, पण तो आज्ञाधारकपणात शोधू नका. 'मी चुकलो' हे स्वतःहून सांगायला लागला, किंवा काही करण्याआधी 'थांब, बघतो' म्हणाला, तर गाडी रुळावर आहे. उलट झोप उडाली, मार्क एकदम कोसळले, खेळ सुटला, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर हा समजेचा प्रश्न नाही. वही बाजूला ठेवा आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालतो.

शिबिराचं म्हणाल तर दहा दिवसांत सूर्यनमस्कार आणि श्लोक येतील, त्यात वाईट काही नाही. चालकांना एवढंच विचारा की मुलं तिथे स्वतः काय ठरवतात: स्वयंपाकाचा हिशोब, गटाचं भांडण मिटवणं, ट्रेकची वाट. उत्तर 'सगळं आम्हीच बघतो, काळजी करू नका' असं आलं तर फी वाचवा आणि सुट्टीत त्याच्याकडे घरचा किराणा द्या. यादी, भाव, पिशव्या आणि उरलेले पैसे, सगळं त्याचं.