माचू पिचू जहाजावरून: आधी दिवस मोजा

दक्षिण अमेरिकेच्या लांब क्रूझवर पहिला मोह माचू पिचूचाच, म्हणजे पेरूमधल्या डोंगरावरच्या प्राचीन इंका शहराचा. पण जहाज लिमाच्या कायाओ बंदरात किती रात्री थांबतंय ते आधी बघा. एकच रात्र असेल तर नाद सोडा. माचू पिचूला कुस्को शहरावरून जातात; लिमा-कुस्को विमान साधारण सव्वा तासाचं, पण हवामानामुळे उड्डाणं लांबू शकतात. तीन रात्री हाताशी हव्यात, किंवा पुढच्या बंदरात जहाज गाठायची सोय.

कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि समुद्रसपाटीवरून थेट तिथे उतरलं की डोकं ठणकतं, जेवण नकोसं होतं. म्हणून विमानतळावरून सरळ ओलांताइताम्बो या खालच्या गावाला जा (सुमारे २,८०० मीटर), तिथेच झोपा, माचू पिचूची रेल्वेही तिथूनच पकडा. माचू पिचू त्याहून खाली, २,४३० मीटरवर! कुस्को परतीच्या वाटेवर ठेवा. उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फा गटातल्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

प्रवेशाचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं आणि दारात मूळ पासपोर्ट मागतात, झेरॉक्स चालत नाही. जहाजाने पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर आदल्या दिवशीच परत मागा.

स्वस्त पडते म्हणून बाहेरची सहल घेतलीत, तर उशीर झाल्यावर जहाज थांबणार नाही. जहाजाच्या सहलीत ती जबाबदारी त्यांची. लांबच्या, विमानाच्या सहलींना जास्तीचे पैसे खुशाल मोजा. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडच्या उश्वायासारख्या ठिकाणी मात्र नको, तिथलं राष्ट्रीय उद्यान गावापासून जेमतेम १२ किलोमीटरवर आहे.

अर्जेंटिना-ब्राझील सीमेवरच्या इग्वासू धबधब्याला ब्राझीलची बाजूही बघायची तर भारतीय पासपोर्टवर ब्राझीलचा व्हिसा लागतो.